माशी नेमकी कुठे शिंकली

४ फेब्रुवारी

प्रिय धाकट्या,

मागचं पत्र परत आलं. पाकिटावर 'हा माणूस इथे राहत नाही' असं लिहिलेलं होतं. 'ह'ची शेपटी उलट्या बाजूला वळवणारा माणूस जगात एकच आहे आणि त्याला अक्षरं गिरवायला मीच शिकवलं. तेव्हा तू तिथेच राहतोस, एवढं तरी कळलं. हे पत्र ऑफिसच्या खाकी पाकिटातून पाठवतोय. वर शिक्का आहे. शिक्क्याचं पाकीट परत पाठवता येत नाही. (येतं, पण तुला ते माहीत नसावं.)

आशीर्वाद लिहिलेले नाहीत. आधी तुझं उत्तर येऊ दे, मग आशीर्वाद.

पेरूंबद्दल मला काही बोलायचं नाही. चौदा महिने झाले, विषय संपला. तुझ्या बागेतल्या सापळ्यात माश्या सापडल्या, मी त्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, 'परदेशी फळमाशी' असं लिहून खाली सही केली. पुढचं सगळं नियमाप्रमाणे झालं. सातशे झाडांची फळं खड्ड्यात पुरली ती नियमाप्रमाणे. पुढची दोन वर्षं बागेतलं एकही फळ फाटकाबाहेर जायचं नाही, तेही नियमाप्रमाणे. तू माझ्याशी बोलणं टाकलंस, ते मात्र कुठल्याच नियमात बसत नाही.

फाटकावर पाटी लावली आहेस असं कळलं. 'सरकारी नोकर व त्यांचे नातेवाईक यांना आत येण्यास सक्त मनाई.' अरे, तू माझा सख्खा भाऊ आहेस. त्या पाटीप्रमाणे तुलाच तुझ्या बागेत पाऊल टाकता येणार नाही. रागाच्या भरात लिहिलं तरी एकदा वाचून बघावं.

असो. पत्राचं खरं कारण वेगळं आहे. आमच्याकडे मशीन आलं आहे.

शिवणयंत्राच्या खोक्याएवढं. त्याच्याबरोबर एक बाई आली आहे. पस्तिशीची असेल. बोलते कमी. हातात सदोदित ती थेंब मोजायची पिपेट, आणि अंगठ्याने तिची टिकटिक चालू. शिपायाने दुसऱ्याच दिवशी तिचं नाव 'पिपेटबाई' ठेवलं. ती म्हणते, माशी अख्खी नको, एक पाय पुरे. तो पाय कुटायचा, विरघळवायचा, मशीनमध्ये ठेवायचा. मशीन तापतं, निवतं, पुन्हा तापतं, आणि माशीच्या जनुकांतला ठरावीक तुकडा सापडला तर त्याच्या लाखो नकला काढतं. पडद्यावर रेघ वर चढली तर माशी परदेशी. रेघ आडवी झोपून राहिली तर इथलीच, निरुपद्रवी.

मी म्हटलं, "आणि मी अठ्ठावीस वर्षं काय करत होतो?"

ती म्हणाली, "बघत होतात."

मोठे साहेब हसले. मीही हसलो. मला मशीनचं काहीही वाटलेलं नाही, हे तुला कळावं म्हणून हे पत्र. दोन माश्या एका आईच्या पोटच्या दिसल्या तरी पाठीवरची टी-सारखी खूण आणि पंखाच्या कडेची पट्टी बघून मी चहा निवायच्या आत सांगतो कोण कोणती. मागच्या वर्षी मला मिळालेली ढाल ऑफिसने काही उगाच दिलेली नाही.

ढाल कशाबद्दल मिळाली ते तुला माहीत आहे, त्यामुळे ते लिहीत नाही.

तुझा,
दादा


१९ फेब्रुवारी

प्रिय धाकट्या,

पत्र परत आलं नाही! शिक्क्याचा गुण.

आज मी सगळ्या ऑफिसला चहा पाजला. कारण ऐक.

आज मशीनची पहिली परीक्षा होती. दहा नळ्या. नऊ नळ्यांत नऊ माश्यांचे पाय, आणि दहाव्या नळीत नुसतं पाणी. पाणी कशाला? तर मशीन थापा मारत नाही ना, हे कळायला. पाण्यात माशी नाही, म्हणजे पाण्याची रेघ झोपून राहिली पाहिजे. माश्याही मी मुद्दाम मिसळून दिल्या होत्या, काही इथल्या, काही परदेशी.

साहेब खुर्ची ओढून बसले. दीड तास आम्ही पडद्याकडे बघत होतो. मग एक रेघ वर चढली. मग दुसरी, तिसरी. करता करता दहाच्या दहा चढल्या. पाण्याचीसुद्धा!

साहेब म्हणाले, "म्हणजे पाणीसुद्धा परदेशी माशी?"

मी काही बोललो नाही. फक्त सगळ्यांना ऐकू जाईल एवढंच पुटपुटलो, "माझा सूक्ष्मदर्शक पाण्याला माशी म्हणत नाही." शिपाई इतका हसला की त्याला ठसका लागला. पिपेटबाई मान खाली घालून वहीत काहीतरी लिहीत राहिली. टिकटिक बंद.

वाईट वाटलं तिचं. पण चहा छान झाला होता.

२१ फेब्रुवारी, पुढे चालू

पत्र टाकायचं राहिलं होतं, ते एका अर्थी बरं झालं.

काल सकाळी पिपेटबाई माझ्या टेबलाशी आली. म्हणाली, "माशी कुठे शिंकली ते शोधतेय. माश्यांचे पाय कोणी तोडून दिले?"

"मी."

"कशाने?"

"चिमट्याने. माझा स्वतःचा आहे. जुना, पण सरळ."

"एका माशीनंतर दुसरीला लावण्याआधी चिमटा पुसलात?"

"अर्थात. मी काय नवखा आहे?"

"कशाला पुसलात?"

"रुमालाला."

तिने वहीत काहीतरी टिपलं. मग म्हणाली, "रुमालाला पुसल्यावर थेट पुढची माशी?"

मी म्हटलं, "नाही, मधे पाण्यात विसळत होतो. ती समोर पाण्याची नळी होती ना, त्यात."

बोलता बोलताच माझ्या लक्षात आलं. पण शब्द तोंडातून निसटले होते.

मी विचारलं, "म्हणजे पाण्यात खरंच माशी होती?"

"थोडी," ती म्हणाली. "तुमची."

आज तिने सगळं पुन्हा केलं, पाय स्वतः तोडले, दर वेळी नवा चिमटा. इथल्या माश्या झोपून राहिल्या, परदेशी चढल्या, पाणी पाण्यासारखं वागलं. आणि तिने ऑफिसात कुणालाही रुमालाचं सांगितलं नाही. अहवालात फक्त 'नमुना घेताना मिसळ झाली' असं लिहिलं. मला ते जास्त लागलं. बडबडली असती तर निदान भांडता आलं असतं.

तुझ्या वहिनीला सांगितलं. ती म्हणाली, "तुमचे रुमाल अठ्ठावीस वर्षं मी धुते. मला आधी विचारलं असतंत तर मशीन लागलंच नसतं."

दादा


११ मार्च

प्रिय धाकट्या,

तू उत्तर देत नाहीस. निदान पाकीट परत करत नाहीस, हे मी उत्तरच समजतो.

मुख्य प्रयोगशाळेने वीस कुप्या पाठवल्या होत्या. प्रत्येकीत एक माशी, वर फक्त आकडा. कोणती कुठली, ते एका बंद लिफाफ्यात. आधी मी डोळ्यांनी ओळखायचं, मग मशीनने, मग साहेबांनी सगळ्यांसमोर लिफाफा फोडायचा. ही कल्पना कोणाची ते विचारू नकोस. माझी.

मी दोन दिवस घेतले. मशीनने एक सकाळ.

मशीन वीसपैकी वीस. मी वीसपैकी अठरा.

अठरा म्हणजे नव्वद टक्के. शाळेत असताना तुझे कधी नव्वद टक्के आले होते? साहेबांनीसुद्धा पाठ थोपटली, म्हणाले, "या वयात अठरा म्हणजे कमालच आहे." 'या वयात' हे शब्द नसते तर बरं झालं असतं.

चुकल्या त्या सात नंबर आणि सोळा नंबर. मी दोन्ही कुप्या पुन्हा काढून तासभर बघत बसलो. पाठीवरची खूण धड पुरी नाही, धड तुटलेलीही नाही. मधेच पुसट. पिपेटबाई मागे येऊन उभी राहिली.

म्हणाली, "दोन्ही इथल्या आहेत. तुम्ही दोन्ही परदेशी म्हटलंत."

"शंका आली की कडक बाजू घ्यायची. चुकून परदेशी माशी सुटली तर अख्ख्या मुलखातल्या बागा जातील."

"बरोबर," ती म्हणाली. "पण अहवालात 'शंका' असं लिहायची सोय आहे. फॉर्मवर तिसरा रकाना आहे. तुमच्या अठ्ठावीस वर्षांच्या कागदांत तो एकदाही भरलेला दिसत नाही."

तिने माझे जुने कागद कधी बघितले कोण जाणे. बोलते कमी, वाचते फार.

मी तिला सांगितलं की मला कधी शंका येत नसे. ती "बरं" म्हणाली. या बाईचं 'बरं' ऐकण्यापेक्षा माणसाने शिव्या ऐकाव्यात.

दुसऱ्या दिवशी मी तिला कपाटातली एक जुनी कुपी दिली. म्हटलं, सवडीने बघा, सहज. कुणाची, कुठली, ते सांगितलं नाही. तुलाही सांगण्यासारखं त्यात काही नाही.

इकडे हवा बरी आहे. जेवण जात नाही, पण ते उकाड्यामुळे.

दादा


१६ मार्च

भावोजी,

पत्र तुमच्या वहिनीचं आहे, तेव्हा कपाळाला आठ्या नकोत. हे मधल्या खोलीत खोटं खोटं झोपलेत, तोवर लिहून घेते.

एक तर तुम्ही दोघं बोलत नाही म्हणून आम्ही दोघी जावांनीही बोलू नये, असा तुमचा समज असेल तर तो काढून टाका. आम्ही दर बुधवारी फोनवर बोलतो. पहिल्या आठवड्यापासून. तेव्हा माझ्याकडे सगळी बातमी असते, आणि तुमच्याकडेही असते, फक्त तुम्ही 'मला काय करायचंय' म्हणत दाराआडून ऐकता, असं धाकटी म्हणते.

ती कुपी तुमच्या बागेतली आहे. यांनी ती पंधरा महिने टाकून दिली नाही. नियमाने वर्षाने नष्ट करायची असते. नियमाची एवढी चाड असलेल्या माणसाने ती का ठेवली, हे मी विचारलं नाही. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर काय विचारायचं नाही ते कळतं.

परवा निकाल आला. काय आला ते मला सांगितलं नाही. घरी आले, बूट न काढताच बैठकीत गेले आणि भिंतीवरची ती ढाल काढून कपाटामागे ठेवली. मी म्हटलं, काय झालं? म्हणाले, भिंतीला ओल येतेय. भिंत ठणठणीत कोरडी आहे.

ढालीवर काय कोरलंय तुम्हाला ठाऊक आहे. 'सख्ख्या भावाचीही गय न करणाऱ्या निःपक्षपाती सेवेबद्दल.' ती भिंतीवर लागली त्या दिवसापासून मी बैठकीत पाहुण्यांना बसवत नाही. स्वयंपाकघरात बसवते.

दुसरी गोष्ट. धाकटी बुधवारी रडत होती. तुम्ही झाडं तोडायला माणूस सांगितलाय म्हणे, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात. यांना मी ते सांगितलं. त्यानंतरच त्यांनी कुपी काढली. भावोजी, तुमचा राग खरा आहे, मी तो कमी करा म्हणत नाही. मी असते तर याहून जास्त केला असता. पण करवतवाल्याला चार दिवस थोपवा. हे पत्र लिहिणार आहेत. तीनदा लिहून फाडलंय, केराची टोपली मीच रिकामी करते. आलं की वाचा. आवडलं नाही तर मग खुशाल भांडा, पण समोर येऊन.

तुमची वहिनी


१८ मार्च

धाकट्या,

तुझी माशी इथलीच होती.

पिपेटबाईने कुपीतल्या अकराही माश्या तीनदा तपासून पाहिल्या. तिन्ही वेळा सगळ्या रेघा आडव्या. तेवढ्यावर ती थांबली नाही. त्या पायांतली जनुकांची अक्षरं एकेक करून वाचून घेतली आणि इथल्या माशीशी ताडून पाहिली. तंतोतंत जुळली. निकालाचा कागद माझ्या टेबलावर ठेवून ती म्हणाली, "ही कुपी ज्याची आहे, त्याला कळवायला हवं." तिने नाव विचारलं नाही. कुपीवर बागेचा क्रमांक होता, तिला केव्हाच कळलं असणार.

इथे पत्र संपवता आलं असतं. जुनी पद्धत, नजरचूक, तेव्हा मशीन नव्हतं. साहेब मला हेच सांगतील. तूही कदाचित तेवढ्यावर सोडून देशील. पण ते खरं नाही.

त्या दिवशी तू प्रयोगशाळेच्या दारात उभा होतास. टोपी हातात धरून. तू काही मागितलं नाहीस. एवढंच म्हणालास, "दादा, नीट बघ."

आणि मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "इथे मी कुणाचा दादा नाही."

नमुना मी तपासायलाच नको होता. साहेबांनी विचारलं होतं, "भावाची बाग आहे, दुसऱ्या कुणाला देऊ का?" मी म्हटलं, नको, मीच बघतो. मला वाटलं, लोकांनी बघावं. दारात तू, मागे साहेब, शिपाई, दोन कारकून. सगळ्यांचं लक्ष माझ्याकडे, आणि माझं लक्ष त्यांच्याकडे. सूक्ष्मदर्शकात डोळा होता, पण मी माशी बघतच नव्हतो.

अकरा माश्या होत्या. वाळलेल्या, रंग उडालेल्या. खूण अर्धवट. मला ओळखता आलं नाही. अठ्ठावीस वर्षांत अशा पुष्कळ आल्या आणि दर वेळी मी दुसऱ्या दिवशी पुन्हा बघून, पुस्तक काढून, रडतखडत ठरवलं आहे. शंका मला येते. नेहमी येत आली. त्या दिवशी मी पुस्तक काढलं नाही. मनात आलं, 'इथली आहे' म्हटलं तर लोक म्हणतील भावाला सोडवलं. 'शंका आहे' म्हटलं तरी तेच म्हणतील. 'परदेशी' म्हटलं तर कुणी काही म्हणणार नाही.

म्हणून मी परदेशी म्हटलं. तू परका असतास तर पुस्तक काढलं असतं, दुसरा नमुना मागवला असता. परक्या माणसाला मी न्याय दिला असता रे.

खड्ड्यात फळं ओतताना मी आलो नाही. ऑफिसचं काम होतं असं सांगितलं. काम नव्हतं. मी पूर्ण दिवस नळाखाली काचपट्ट्या धूत बसलो होतो, धुतलेल्याच पुन्हा.

माफी मागायची कशी ते मला येत नाही, आपल्या घरात कुणाला येत नव्हतं. वडील चुकले की न बोलता बाजारातून काहीतरी घेऊन येत. मी तुला काय आणून देऊ? तुझ्याकडे पाठवण्यासारखा एकच कागद आहे, तो सोबत जोडला आहे. निकालाची प्रत.

करवतवाल्याला थांबव. मी साहेबांकडे लेखी देतो आहे.

दादा


२० एप्रिल

प्रिय धाकट्या,

तुझं कार्ड मी पाकिटात घालून फिरतोय. 'करवतवाला परत पाठवला. आला होता म्हणून त्याला जेवू घालावं लागलं. पुढे काय?' सोळा महिन्यांनी तीन वाक्यं, त्यातलं एक करवतवाल्याच्या जेवणाबद्दल. पण 'हा माणूस इथे राहत नाही'च्या मानाने आपली प्रगती आहे.

पुढे काय झालं ते थोडं तुला माहीत आहे, थोडं नाही.

मी चूक कबूल करायचा फॉर्म भरला. आमच्याकडे प्रत्येक गोष्टीचा फॉर्म असतो. त्यात 'चुकीचे कारण' म्हणून तीन चौकोन. उपकरणातील दोष. नमुना खराब. इतर (कारण लिहावे). मी 'इतर'वर खूण केली आणि पुढे लिहिलं, 'बागमालक माझा भाऊ असल्यामुळे.'

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "अहो, याचा अर्थ लोक उलटा घेतील. भावाला मदत केली असं वाटेल."

"मदत नाही केली, साहेब. म्हणूनच तर चूक झाली."

"हे फॉर्मवर बसत नाही. नमुना खराब लिहा. माशी वाळलेली होतीच की."

"माशीची चूक नव्हती," मी म्हटलं.

साहेबांनी बराच वेळ पेनाच्या टोपणाची उघडझाप केली आणि शेवटी सही केली. ढाल मी त्यांच्या टेबलावर ठेवली होती. ते म्हणाले, "ही परत घ्यायचा फॉर्म नाही हो आपल्याकडे." शेवटी शिपायाने ती नेली. दाराला अडण म्हणून लावतो. वाऱ्याने दार आपटत होतं, आता आपटत नाही.

मग तुझ्या बागेत तीन आठवडे सापळे. मी यायचं नाही असं मीच लिहून दिलं होतं. पिपेटबाई दर सोमवारी यायची आणि परतल्यावर मी तिच्याभोवती घिरट्या घालायचो. पहिल्या सोमवारी मी विचारलं, "काय म्हणाला?" ती म्हणाली, "सापळा झाडाच्या सावलीच्या बाजूला बांधा, म्हणाले." दुसऱ्या सोमवारी, "चहा दिला." "माझ्याबद्दल काही?" "साखर जास्त होती."

बेचाळीस माश्या. बेचाळीस पाय. बेचाळीसही रेघा झोपलेल्या. पाणीही झोपलेलं, या वेळी मी त्या खोलीत पाऊलसुद्धा टाकलं नव्हतं. बंदी उठल्याचं पत्र तुला काल मिळालं असेल. त्यावर माझी सही नाही.

आता मुद्द्याचं. काल पिपेटबाई म्हणाली की तू तिच्याजवळ निरोप दिलास. 'फळं उतरवायला माणसं कमी पडतायत, त्याला म्हणावं हात मोकळे असतील तर ये.'

'त्याला' म्हणालास की 'दादाला'? मी तिला तीनदा विचारलं. शेवटी ती म्हणाली, "मी माश्यांचे नमुने घ्यायला गेले होते, शब्दांचे नाही."

मी वीस दिवसांची रजा टाकली आहे. तुझी वहिनी म्हणते, 'त्याला' म्हटलं असलं तरी जा.

आशीर्वाद. (हे या वेळी लिहितो आहे.)

दादा


९ मे, पेरूच्या बागेतून

पिपेटबाईंस,

स. न. वि. वि. लिहायचं सोडून थेट लिहितो, कारण तुम्हाला लांबण आवडत नाही आणि सोबतच्या बाटलीचं बूच नीट बसत नाही.

बाटलीत अर्धी अळी आहे. स्पिरिटमध्ये ठेवली आहे. चिमटा नवा वापरला, कशालाही पुसला नाही. ती कुठून आली ते सविस्तर सांगतो.

इथे येऊन मला बारा दिवस झाले. पहिले दोन दिवस धाकटा माझ्याशी फक्त झाडांबद्दल बोलला. "ती फांदी वाकव." "तो पेरू अजून आठ दिवस राहू दे." मी शिडीवर, तो खाली. तिसऱ्या दिवशी मी शिडीवरून पडलो. फार नाही, गवतात. तो धावत आला आणि पंधरा मिनिटं मला बोलत होता. सोळा महिन्यांचं सगळं काढलं. ढाल, खड्डा, त्या दिवशी दारात मी काय म्हणालो ते, आणि शिवाय लहानपणी मी त्याचा पतंग फाडला होता तेसुद्धा. मी गवतात आडवा होतो, उठताही येईना. ऐकून घेतलं. मग त्याने हात दिला. त्यानंतर बरं चाललं आहे.

आज सकाळी आम्ही दोघं पाटाच्या कडेला बसून पेरू खात होतो. धाकट्याने घास तोडला, चावला आणि गिळला. मग हातातल्या उरलेल्या पेरूकडे बघत राहिला. घास तोडला होता तिथे अर्धी अळी वळवळत होती.

अर्धीच. बाकीची अर्धी कुठे गेली ते आम्हा दोघांना एकदमच कळलं.

त्याची बायको आणि माझ्याबरोबर आलेली माझी बायको टोपल्या भरत होत्या, त्या धावत आल्या. कुणी पाणी, कुणी मीठ. धाकटा शांत. त्याने पेरू माझ्या डोळ्यांसमोर धरला आणि विचारलं, "कोणती आहे?"

बाई, त्या क्षणी तीन माणसं माझ्याकडे बघत होती. परदेशी निघाली तर बाग पुन्हा बंद, अर्ध्यावर आलेली तोडणी तिथेच थांबणार. उद्या सकाळी पहिला ट्रक निघायचा आहे. मी अळी चष्मा लावून पाहिली, चष्मा काढून पाहिली. अळीला ना पंख, ना पाठीवर खूण.

मी म्हटलं, "मला नाही सांगता येत."

"म्हणजे शंका आहे?"

"शंका नाही. माहीतच नाही."

धाकटा माझ्याकडे बघत राहिला. मग हसायला लागला. इतका हसला की त्याला पाटाच्या कडेला आडवं व्हावं लागलं. म्हणाला, "पन्नास वर्षं वाट बघितली रे हे ऐकायला. त्यासाठी अळी खावी लागली!" मग धाकटी हसली, मग माझी बायको, आणि शेवटी मी.

हसून झाल्यावर तोच उठला, आत गेला आणि ही बाटली घेऊन आला. म्हणाला, "घाल आणि पाठव. परदेशी निघाली तर निघाली. ट्रक थांबवतो." मी काही सुचवलं नव्हतं, हे तुमच्या वहीत नोंदवून ठेवा.

फॉर्म सोबत भरला आहे. 'नमुना' या रकान्यात 'अळी, अर्धी' लिहिलं आहे. 'उरलेला नमुना कोठे ठेवला' या रकान्यात काय लिहावं ते कळेना. धाकट्याने स्वतःचं नाव लिहायला सांगितलं. 'माशी कोणती' याच्या तीन रकान्यांपैकी तिसऱ्यावर, म्हणजे 'शंका'वर, खूण केली आहे. माझ्या हातून तो पहिल्यांदाच भरला जातोय. तुम्हाला बघायला आवडेल म्हणून गडद केला.

निकाल कधी येईल ते कळवा. माझी रजा येत्या सोमवारी संपते. धाकट्याने मघाशी खांबाला टेकून, दुसरीकडेच बघत विचारलं की निकाल येईपर्यंत मला इथेच थांबावं लागेल का. मी म्हटलं, नियमात तसं काही नाही. तो म्हणाला, "नियम गेला खड्ड्यात. त्या बाईंना लिही, मशीन जरा सावकाश चालवा."

लिहिलं आहे.

आपला,
सूक्ष्मदर्शकवाला